नाडी मंदावते तेव्हा

बायकोला मारणाऱ्या पुरुषांना शिकवणं हा माझा व्यवसाय आहे. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी नुसतंच 'शिकवते' म्हणून सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला, 'कितवीला?' त्यावर मी म्हणते, 'प्रौढांना.' खोटं काही नाही त्यात. खरं सांगितलं की समोरच्या बाईचा नवरा ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसतो, हे मी तीनदा अनुभवलेलं आहे.

इचलकरंजीत बंद पडलेल्या एका सूतगोदामात आमचं 'पालट केंद्र' चालतं. न्यायालय काही जणांना तुरुंगाऐवजी आमच्याकडे पाठवतं. सव्वीस आठवडे, दर गुरुवारी दोन तास. मी, तेजस्विनी खोत, तिथली प्रमुख. दहा वर्षांत मी रडणारे पाहिले, आईची शपथ घेणारे पाहिले, 'तिनंच मला हात उचलायला लावला' म्हणणारे तर पोत्याने पाहिले. आता मला कशाचा धक्का बसत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायची. २०४१ सालच्या त्या मंगळवारपर्यंत.

आमच्याकडे पट्टा आला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मनगटावर घड्याळासारखा बांधायचा, किल्ली केंद्राकडे. त्यामागचं शास्त्र सोपं आहे. राग डोक्यात यायच्या आधी अंगात येतो. नाडी वाढते, तळहाताला घाम सुटतो, श्वास आखूड होतो. माणसाला स्वतःला कळायच्या वीस-तीस सेकंद आधीच हे सुरू झालेलं असतं. दूध वर यायच्या आधी पातेल्याच्या कडेला बुडबुडे दिसतात, तसं. पट्टा ते बुडबुडे पकडतो. तो लाल होतो, थरथरतो, आणि मग माणसाने खोलीबाहेर जायचं, पाणी प्यायचं, आम्ही शिकवलेला लांब श्वास घ्यायचा. नाडी खाली आली की पट्टा पुन्हा हिरवा. सहा महिन्यांत पट्टा मोजक्या वेळाच लाल झाला तर माणूस उत्तीर्ण आणि खटला बंद. शासनाचं निधी मंडळ आम्हाला अनुदान देतं तेही अशा उत्तीर्ण माणसांच्या संख्येवर.

त्याआधी माणूस सुधारला की नाही, हे आम्ही बांगड्यांवरून ओळखायचो.

हसू नका. आमच्या भागात बाई परक्या बाईला घरातलं सांगत नाही. फोन केला तर सासू शेजारी बसून ऐकते. पण बांगड्या भरणारी मणेरीण दारात आली की पुरुष आपण होऊन उठून जातात, आणि सासूलाही तिथे बसायचं कारण उरत नाही. जैबूनचाची मणेर पासष्टीची, घराणंच बांगड्यांचं. ती बाईचा हात हातात घेते, बोटांचे सांधे दाबून मऊ करते, तळवा वळवते, आणि तेवढ्यात मनगटापासून दंडापर्यंत सगळं बघून घेते. ती आणि आणखी तिघी दर महिन्याला आमच्या पुरुषांच्या घरी जायच्या आणि जे दिसेल ते वहीत लिहायच्या. आम्ही त्याला बांगडीभेट म्हणायचो.

पट्टा आल्यावर चार महिने दोन्ही चाललं. मग निधी मंडळाने विचारलं, एवढं अचूक यंत्र असताना हे कशाला? आणि मी माझ्या हाताने लिहून दिलं, 'बांगडीभेटीची निरीक्षणं व्यक्तिनिष्ठ आहेत. यापुढे गरज नाही.' चाचीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मशीन हात धरतंय व्हय?" मला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं.

आता माझ्या भावाचं सांगते. विश्वजीत, आमचा विशू, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. दीड वर्षापूर्वी त्याने केतकीचं, माझ्या भावजयीचं, मनगट मोडलं. मीच तिला रिक्षात घालून पोलीस ठाण्यात नेलं. आईने माझ्याशी अबोला धरला. विशूला न्यायालयाने आमच्याच केंद्रात पाठवलं. त्याचा वर्ग मी नाही, माझ्या सहकाऱ्याने घेतला. आणि विशू असा बदलला की बघत राहावं. आवाज चढत नाही, ताट भिरकावत नाही. अख्ख्या केंद्रात एकदाही लाल न झालेला पट्टा एकट्या त्याचा. मुदत संपल्यावरही त्याने तो काढू दिला नाही. म्हणाला, "राहू दे ताई, सवय झालीय." आई पुन्हा बोलायला लागली. म्हणायची, "देवमाणूस झाला गं माझा विशू."

त्या शुक्रवारी निधी मंडळ येणार होतं. पट्टा राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत न्यायचा की नाही ते ठरणार होतं, आणि मंडळासमोर बोलायला मी माझ्या भावाचं नाव दिलं होतं. मला त्याचा अभिमान होता. लपवत नाही.

मंगळवारी दुपारी जैबूनचाची केंद्रात आली, बांगडीभेटी बंद झाल्यापासून पहिल्यांदाच. पाणी दिलं ते तिने बाजूला ठेवलं.

"तुझ्या भावजयला बांगड्या भरून आलो," ती म्हणाली. "गल्लीत लगीन हाय, समद्या बायकांनी भरल्या."

"मग?"

"तिचा हात दोन-चारचा. लगनापास्नं मीच भरतो. काल तिनं दोन-आठच्या मागितल्या."

दोन-आठ म्हणजे दोन मापं मोठ्या. केतकीने हात खाली सोडला तर गळून पडतील अशा.

"सांधा दाबू दिला न्हाई. सूज हाय. मग मी बाही वर सारली. काखंच्या खाली, आतल्या अंगाला, जिथं बिलाऊज झाकतंय तिथं वळ. एकाखाली एक. सारख्या अंतरावर."

"पडली असेल कुठेतरी," मी म्हणाले. हो, मीच. नवऱ्यांच्या तोंडून हे वाक्य आलं की मी दहा वर्षं त्यांना फैलावर घेत आले, आणि ते माझ्या तोंडून आपसूक निघालं.

चाचीने बांगड्यांची पेटी पायाशी ओढली. "तेजू, रागात मारल्यालं कसंबी पडतंय. कपाळावर पडतंय, पाठीवर पडतंय, गावंल तिथं. ह्ये तसलं न्हाई. ह्ये बघून बघून मारल्यालं हाय."

"विशूचा पट्टा एकदाही लाल झालेला नाही, चाची. तुमचं काम गेलं म्हणून तुम्ही..."

मी वाक्य पुरं केलं नाही, पण तेवढंही पुष्कळ होतं. चाची उठली, तिने पेटी उचलली. दारातून वळून म्हणाली, "तीच म्हनली, परवाच्या रविवारी. जेवणं झाल्यावर. तुझी आई बाहीर गेलती. तुझ्या मशीनला इचार. ते तर खोटं बोलत न्हाई न्हवं?"

चाचीला खोटं पाडायचं म्हणूनच मी विशूची नोंद उघडली, हेही सांगून टाकते.

रविवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. नाडी ब्याऐंशी. चाची म्हणते तसं असेल तर यानंतर ती चढायला हवी होती. ती उतरत गेली. पंच्याहत्तर, अडुसष्ट, एकसष्ट. श्वास लांब आणि संथ. अकरा मिनिटं अशीच. झोपला होता बिचारा! मला एवढं हायसं वाटलं की मी पडदा बंद करायला हात पुढे केला.

पण पट्टा हाताची हालचालही टिपतो. जिना चढून वाढलेली नाडी रागाची समजू नये, एवढ्यासाठी ती सोय. नाडी चढली तरच हालचाल बघायची असं आमचं ठरलेलं. नाडी उतरत असताना ती कोण कशाला बघेल? मी बघितली. त्या झोपलेल्या माणसाचा उजवा हात अकरा मिनिटांत नऊ वेळा जोराने वर गेला होता आणि खाली आला होता. दर वेळी मध्ये जवळपास सारखाच वेळ गेला होता.

मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. पुन्हा मोजलं. नऊच होते.

मग मी जुन्या नोंदी काढल्या. पट्टा आणि बांगडीभेट दोन्ही चालू होती त्या चार महिन्यांतले चौसष्ट पुरुष. एका बाजूला पट्ट्याचे आलेख, दुसऱ्या बाजूला चाचीच्या वह्या. ही तुलना मी तेव्हाही केली होती. जिथे दोघांचं पटत नव्हतं तिथे मी यंत्राची बाजू घेतली होती. 'वळ घरकामामुळेही असू शकतात,' हा शेरा माझ्याच अक्षरात होता. आता मी वहीतल्या तारखेआधीचे चार-पाच दिवस घेतले आणि त्यांत नाडी उतरताना हात जोराने हलला का, एवढंच शोधलं. पहाटेपर्यंत तेरा नावं निघाली. तेराही जण आमचे उत्तीर्ण, सगळ्यांत कमी वेळा लाल झालेले. विशू धरून चौदा.

यात चमत्कार काही नाही. मन एकाच कामावर लागलं की काळजाचे ठोके मंदावतात. सुईत दोरा ओवताना तुमचेही मंदावतात, नेम धरणाऱ्याचे तर मंदावतातच. रागाने मारणारा उसळतो, आणि आमचा पट्टा उसळणाऱ्यालाच पकडत होता. पण काही पुरुष रागाने मारतच नाहीत. बायको ताब्यात राहावी म्हणून ते ठरवून मारतात, आणि मारताना त्यांचं शरीर कामात गुंतल्यासारखं शांत होतं. अशा माणसांना आम्ही सव्वीस आठवडे बसवून श्वास लांब कसा करायचा ते शिकवलं. हात स्थिर कसा ठेवायचा तेच शिकवलं म्हणा ना.

आणि मालधक्क्यावरचा हमाल जोतिराम! त्याचा पट्टा दिवसातून चारदा लाल व्हायचा. दर वेळी तो घराबाहेर पळायचा आणि नळाखाली डोकं धरायचा. अनुत्तीर्ण ठरवून आम्ही त्याला तुरुंगात पाठवला. चाचीच्या वहीत त्याच्या बायकोच्या पानावर चारही महिने एकच शब्द होता, 'साफ'. ते पान मी वेगळं काढून ठेवलं.

विशू घरूनच काम करतो, म्हणून बुधवारी सकाळी मी थेट केतकीच्या कामावर गेले. ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाचं फॅट तपासते. मला बघून तिने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली आणि शेजारणीला "पाच मिनिटांत आले गं" म्हणून बाहेर आली. शीतगृहाच्या मागे आम्ही उभ्या राहिलो. मी रविवार म्हटलं, नऊ म्हटलं.

"तुम्ही मोजले?" ती म्हणाली. "मी कधी मोजले नाहीत."

"कधीपासून चाललंय हे?"

"पट्टा बांधल्यापासून असं. आधी आरडाओरडा असायचा, ताटं फेकायचे, हाताला येईल त्यानं मारायचे. मनगट त्यातच मोडलं. पण निदान ते यायचं कळायचं, वन्सं. आता मला समोर पाटावर बसवतात. पट्टा माझ्यापुढं धरतात. कुठला रंग आहे ते मला सांगायला लावतात. मी 'हिरवा' म्हटल्यावर सुरू करतात. म्हणतात, 'बघ, मी रागात नाही. रागात मारलं तर गुन्हा. मी तुला वळण लावतोय.'"

तिथे दुधाचे रिकामे क्रेट होते. त्यातल्या एकावर मी बसले.

"पोलिसांत जायचंस ना, केतकी?"

"गेले की. गौरी यायच्या आदल्या दिवशी. त्यांनी पट्ट्याची नोंद मागवली. नोंद हिरवी. साहेब म्हणाले, 'बाई, तुमच्या नवऱ्याचं जाऊ दे, मशीनचं आणि तुमचं काय वैर हाय?' सगळे हसले. मग माझ्याकडूनच माफीनामा लिहून घेतला."

"मला तरी सांगायचंस."

आता मात्र ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. "पट्टा तुमचाच होता की. चाचींच्या भेटी तुम्ही आधीच बंद केलेल्या. मग विचारणारं कुणी उरलंच नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. भाऊ आहे म्हणून गप्प बसलाय."

कामावर रडायचं नाही हा माझा नियम. तो तिथे मोडला. तिने माझी समजूत काढली नाही, आणि बरोबरच केलं.

"वन्सं, रडू नका, ऐका," ती म्हणाली. "शुक्रवारी ते किती वेळ बोलणार आहेत?"

"वीस मिनिटं."

"तासभर बोलायला लावा. ते कुठं आहेत हे मला कधीच नक्की माहीत नसतं. जातो म्हणतात आणि दहा मिनिटांत दारात उभे. शुक्रवारी तेवढा एक तास मला नक्की माहीत असेल."

"जाशील कुठे?"

"ते तुम्हाला नाही सांगणार. तुमच्या पोटात राहतं, पण तोंडावर दिसतं."

संध्याकाळी मी चाचीच्या घरी गेले आणि माफी मागायला लागले. "माफी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "काम सांग."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी केतकीचं सगळं म्हणणं आणि विशूच्या पट्ट्याची नोंद जिल्ह्याच्या संरक्षण अधिकारी बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. सभागृहात मागच्या रांगेत दोन पोलीस घेऊन बसते, म्हणाल्या. मग मी जाऊन माझ्या भावाचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत केलं.

मंडळाचे पाच जण होते. अध्यक्ष बेंद्रेबाई, प्रशासनात हयात घालवलेल्या, कमी बोलणाऱ्या. विशूने एक कल्पना काढली होती. तो बोलत असताना त्याच्या पट्ट्याचे आकडे मागच्या मोठ्या पडद्यावर दिसावेत, म्हणजे मंडळाची खात्री पटेल. आकडे दिसत होते. ऐंशी, एक्याऐंशी, हिरवे.

तो फार सुंदर बोलला. "मी राक्षस होतो," म्हणाला, आणि बेंद्रेबाईंच्या शेजारच्या गृहस्थांनी डोळे पुसले. वीस मिनिटं झाली. "पहिल्या आठवड्याचं सांग ना," मी म्हणाले. त्याने सांगितलं. "श्वासाचा अभ्यास करून दाखव." दाखवला. "घरातलं वातावरण कसं बदललं?" तेही त्याने सांगितलं. मी माझ्या धाकट्या भावाकडे बघून मान डोलवत होते आणि टेबलाखाली फोन हातात धरून बसले होते. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला माझा फोन एकदा थरथरून बंद झाला. चाचीचा मिसकॉल, ठरल्याप्रमाणे. केतकी गावाबाहेर पडली होती.

मी उठले. विशू टाळ्या घेत मंचावरच्या खुर्चीत बसला. मी मंडळासमोर तेरा जुन्या नोंदींचे कागद ठेवले आणि चौदावी नोंद कुणाची ते सांगितलं. रविवार सांगितला, नऊ सांगितले, पाट सांगितला. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मंडळातलं कुणीच माझ्याकडे बघत नाही. सगळे माझ्या मागे बघत होते. मी वळले.

विशू माझ्याकडे बघत होता. डोळ्यांची पापणी हलत नव्हती. पडद्यावरचा आकडा उतरत होता. त्र्याहत्तर. सदुसष्ट. बासष्ट.

"तेजस्विनीबाई," बेंद्रेबाई म्हणाल्या, "हे काय होतंय?"

"हेच ते," मी म्हणाले.

"ताई," विशू अगदी मायेने म्हणाला, "दमलीयस तू. संध्याकाळी घरी ये. आपण बोलू." एकोणसाठ. मी त्याला कडेवर घेऊन फिरवलंय, त्याचं नाक पुसलंय, शाळेत त्याच्यासाठी भांडलेय. त्या क्षणी मला त्याची भीती वाटली. केतकी रोज या माणसासमोर बसत होती.

"यांच्या पत्नी कुठे आहेत?" बेंद्रेबाईंनी विचारलं.

"घरी आहे," विशू म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "ती गेली. कुठे गेली ते मला माहीत नाही."

पडद्यावरचा आकडा क्षणभर थांबला आणि मग सुटला. नव्वद. एकशे बारा. एकशे एकोणतीस. पडदा लाल झाला आणि पट्ट्याची थरथर टेबलावरच्या माइकमधून सभागृहभर ऐकू आली. इतके दिवस त्याचं मनगट शांत होतं, कारण ती हाताशी होती. खुर्ची उलटी करून तो माझ्या अंगावर आला. मागच्या रांगेतले पोलीस तोवर मंचावर पोचले होते. त्यांनी त्याला धरून बाहेर नेलं. दारापर्यंत तो मला लहानपणच्या नावाने शिव्या देत होता.

मग डोळे पुसणारे गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे सूत्र थोडं बदलावं लागेल. नाडी उतरली तरी लाल, असं. पुढच्या आवृत्तीत हे सहज..."

"बदला ना," मी म्हणाले. "मग ते आधी जिना चढून येतील आणि मारतील. साहेब, पैसे द्यायचे तर हात धरून बघणाऱ्या बायकांना द्या. त्यांचं लिहिलेलं मीच व्यक्तिनिष्ठ म्हणून फेकून दिलं होतं. माझी चूक आहे, तसं इतिवृत्तात लिहा."

बेंद्रेबाईंनी माझ्या कागदांवरची यादी बोट ठेवून वरून खाली वाचली. मग चष्मा काढून विचारलं, "बाकीचे तेरा कुठे आहेत आत्ता?"

तीन दिवस मी एकाच घराचा विचार केला होता. ते मला तेव्हा कळलं, सगळ्यांसमोर उभी असताना.

"घरी," मी म्हणाले. "आम्ही पास केलंय त्यांना."